पन्नास ते साठच्या मधली थरथर

मावशीचे हात थरथरतात ही बातमी घरात तिनंच आणली होती, आणि तिनं आणलेली बातमी तपासून पाहायची आमच्यात पद्धत नव्हती. तिची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. चौतीस वर्षं ती गावोगाव हिंडून दुकानदारांचे काटे पारखत होती. पितळी वजनांच्या पेट्या मागच्या सीटवर आणि ही स्वतः स्टिअरिंगवर. तिनं एखादा काटा खोटा म्हटला की तो खोटा, मग दुकानदार कितीही आकांडतांडव करो. त्यामुळे तिनं स्वतःचेच हात खोटे ठरवले तेव्हाही आम्ही सगळ्यांनी मुकाट माना डोलावल्या.

गाडी पहिल्यापासून तीच. गोल दिव्यांची, दोन दारांची, फिक्या हिरव्या रंगाची. घरात तिला डबी म्हणतात. आता तशी गाडी रस्त्यानं गेली की लोक चालता चालता थांबतात. मावशीखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही असा कडक कायदा होता. तिच्या लेकीलाही, म्हणजे माझ्या ताईलाही, तिनं कधी ती चालवू दिली नाही. आणि त्याच डबीला बघायला येत्या रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. गिऱ्हाईक ताईनं शोधलं होतं, मावशीला विचारून. "हातच साथ देत नाहीत तर हट्ट कशाला करू?" मावशी म्हणाली होती. "उद्या कुणाच्या अंगावर घातली म्हणजे?" एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. बुधवारी दुपारी मावशी सावकाश डबी चालवत तिथे आली, कारण तिच्या चष्म्याची काडी निखळली होती. मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांमधलं अंतर मोजत होतो. "बस दोन मिनिटं," मी म्हणालो. दोन मिनिटं बसणं हे मावशीच्या स्वभावात नाही. तिनं माझ्या ताटलीतला बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला, चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू धरला, बिजागरीत ठेवला आणि चार वेढ्यांत आवळून टाकला. चष्म्याशिवाय.

माझ्या हातातली पट्टी हातातच राहिली. पंधरा वर्षं मी हा धंदा करतोय, आणि तो स्क्रू माझ्याकडून दिवसातून एकदा तरी जमिनीवर पडतो.

"मावशी, हात बघू तुझा."

"कशाला? भविष्य सांगायला लागलास की काय?"

"थरथरतात म्हणतेस ना? मग हा स्क्रू कसा बसला?"

"आत्ता नाही थरथरत. गाडीत थरथरतात."

"गाडीत म्हणजे कधी?"

मोजमापाचा प्रश्न विचारला की मावशी नेमकं उत्तर देते, ती सवय जात नाही. ती म्हणाली, "पन्नासला सुरू होतं. पंचावन्नला सगळ्यात जास्त. साठच्या पुढे गेलं की थांबतं."

मी गिऱ्हाइकाची क्षमा मागून तिच्यासमोर येऊन बसलो. "मावशी, माणसाच्या अंगात अशी कुठली नस आहे जी स्पीडोमीटर वाचते?"

तिला राग आला. "तुला कळत नाही त्यात बोलू नये. काटा रिकामा असताना खराच वाटतो. त्यावर भार टाकला की कळतं, खरा आहे की खोटा. माझ्या हातांचं तेच आहे. इथे बसून स्क्रू लावायला भार कसला? डॉक्टरसमोरही हात दगडासारखे होते. ते म्हणाले, वय झालंय, चालायचंच."

"गाडीतच काही बिघाड असला तर?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणारी बाई मी नव्हे."

म्हण ऐकवून तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. ती निघायला लागली तसं मी म्हटलं, गिऱ्हाईक येणार आहे तर गाडी मी धुऊन-पुसून आणतो. खोटंच बोललो. तिनं किल्ली काउंटरवर ठेवली आणि पायी घरी गेली. एवढ्या सहज तिनं ती किल्ली सोडली, याचं मला फार वाईट वाटलं.

दुकान अर्ध्या तासात बंद केलं. गोदामांच्या मागे एक सरळ, रिकामा रस्ता आहे, तिथे डबी नेली. पहिल्याच वळणावर लक्षात आलं की स्टिअरिंग भलतंच जड आहे. खांद्यातून जोर लावावा लागत होता. रस्त्याला लागल्यावर चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, सगळं ठीक. पन्नासला स्टिअरिंग माझ्या मुठीत बारीक कुरकुरायला लागलं. पंचावन्नला माझे हात मनगटापासून थरथरत होते. साठ ओलांडले आणि थरथर नाहीशी झाली.

मी अडतीस वर्षांचा आहे आणि माझ्या हातांना काहीही झालेलं नाही. मी गाडीत एकटाच मोठ्यानं हसलो. एखादं कुलूप अचानक उघडावं तसा आनंद झाला होता. मग पुढचा प्रश्न आला, की हात नाहीत तर काय थरथरतंय? घरी जाऊन मावशीला सांगावं, हे सुचायच्या आधी मी गाडी सुतळीकडे वळवलीही होती.

सुतळी म्हणजे टायरवाला. चाकं कुठल्या दिशेला बघतायत हे पाहायला तो गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून लावतो, मशीन आलं तरी त्यानं ती सोडली नाही, म्हणून हे नाव. त्याचं खरं नाव कुणाला आठवत नाही, त्यालाही हाका ऐकून ऐकून सुतळीचीच सवय झाली आहे.

"तीन वर्षांनी वाट सापडली का डबीला?" त्यानं विचारलं.

मी सगळी हकीकत सांगायला लागलो. तो ऐकत नव्हता. तो चाकांकडे बघत गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"ही चाकं कुणी निवडली?"

मी बोनेटवरची धूळ पुसायला लागलो.

कारण ती मी निवडली होती. मावशीच्या सत्तरीला मी ती भेट दिली होती. जुनी चाकं साधी लोखंडी, गंजकी, रंग उडालेली. मला ती बघवत नसत. मी पुठ्ठ्यावर चार बोल्टांचे छाप घेतले, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका झकपक दुकानात गेलो आणि भोकं जुळणारी चंदेरी, नक्षीदार चाकं आणली. रुंद होती, ऐटदार होती. गाडी जॅकवर चढवून एकेक चाक हातानं गरगर फिरवून पाहिलं, कुठे घासत नव्हतं. जुनी चाकं त्याच दिवशी भंगारात दिली. मावशी कुणाला मिठी मारणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी तिनं मला मारली होती.

"मी निवडली," मी सांगितलं.

सुतळीनं पुढचं डावं चाक उतरवलं. चाकाच्या मागे, गाडीच्या बाजूला एक गोल उंचवटा असतो, हब म्हणतात त्याला. सुतळीनं चाक पुन्हा नुसतं टेकवलं आणि मला वाकून बघायला लावलं. हबच्या आणि चाकाच्या मधल्या भोकाच्या मध्ये चांगली नखभर फट होती.

"चाकाला मध्यावर धरायचं ते हबनं," तो म्हणाला. "नटांनी नुसतं आवळायचं. इथे हब पोचतच नाही. सगळा डोलारा चार नटांच्या भरवशावर. केसभर एका अंगाला बसलं की ठराविक वेगाला नाचणारच."

"आणि साठच्या पुढे का थांबतं?"

"झोपाळ्याला अवेळी धक्का दिला तर तो चढतो का? तसंच. प्रत्येक वेगाला जमत नाही त्याला." तो आता रंगात आला होता. त्यानं चाक पालथं घातलं, त्याच्या कडांवर आडवी पट्टी ठेवली आणि पट्टीपासून आतल्या सपाट भागापर्यंत टेप सोडली. "ही चाकाची बैठक. इथे ते हबला टेकतं. ही बैठक किती खोल आहे त्यावर चाक गाडीच्या आत राहणार की बाहेर येणार ते ठरतं. तुझं चाक अंगठाभर बाहेर आलंय. वर टायर रुंद. बाहेर आलेलं रुंद चाक वळवायला किती जोर लागतो ठाऊक आहे? बाईंनी तीन वर्षं कसं वळवलं कुणास ठाऊक."

मग त्यानं मडगार्डच्या कडेवरून आतून बोट फिरवायला सांगितलं. कड घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"पण जॅकवर तर घासत नव्हतं," मी म्हणालो.

"जॅकवर?" सुतळीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. "जॅकवर चाक खाली लोंबतं. घासेल कशाला? गाडी हवेत चालते का रस्त्यावर? माझा चष्मा करताना तू दोन डोळ्यांतलं अंतर तीनदा मोजलंस. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर डोकं धरतं म्हणालास. आणि इथे भोकं मोजून मोकळा झालास?"

काड्या कानापर्यंत पोचल्या म्हणून कुणी चष्मा घेऊन गेला तर मी त्याला वेड्यात काढतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मी घातलं होतं.

"बाईंना सांगितलंस?"

"खात्री झाली की सांगीन."

"आता आणखी कसली खात्री?"

मी भिंतीवर टांगलेले पाने मोजायला लागलो. मला भीती वाटत होती, हे खरं उत्तर होतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी मी सुतळीच्या मागच्या अंगणात होतो. तिथे निदान दोनशे जुनी चाकं रचून ठेवलेली आहेत. मी दुकानातून माझं कॅलिपर नेलं, ज्यानं काचेची जाडी मोजतो ते. अपराधी वाटत होतं हे खरं, पण मजाही येत होती, हेही लपवत नाही. लांबून सारखी दिसणारी चाकं जवळून सख्खी भावंडंसुद्धा निघत नव्हती. एकाची चार भोकं इतकी जवळपास बरोबर होती की मी हातोडीनं ठोकून बसवायला निघालो. सुतळीनं हात धरला. "ठोकून बसवलेलं चाक आणि दमदाटीनं जमवलेलं लग्न," तो म्हणाला, "दोन्ही पहिल्या उतारावर सुटतात." एकाचं मधलं भोक अगदी नेमकं, पण बैठक उथळ. एकाची बैठक बरोबर, पण आत ब्रेकच्या ड्रमला जागाच नाही. एकाचं सगळंच जुळलं, तर नट जिथे टेकतात ते खळगे सपाट निघाले आणि डबीचे नट निमुळते. मला पूर्वी वाटायचं चाक म्हणजे गोल असलं की झालं.

शुक्रवारी संध्याकाळच्या आत सामान पोचवणाऱ्या एका जुन्या छोट्या व्हॅनची पाच चाकं सापडली. मधलं भोक हबवर असं बसलं की काढताना दोन्ही हातांनी ओढावं लागलं. पाचही चाकं फिरवून सुतळीनं कडेजवळ खडू धरला. चार चाकांवर खडूची रेघ पूर्ण उमटली. पाचव्यावर एकाच ठिकाणी ठिपका पडला, म्हणजे ते वाकलेलं. ते बाजूला टाकलं. उरलेल्या चारांपैकी दोन काळी, एक निळं आणि एकाचा रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. दिसायला म्हणजे माझ्या नक्षीदार आवडीवर उगवलेला पुरेपूर सूड.

शनिवारी त्यांवर अरुंद टायर चढले. गाडीच्या मागे वाळूची पोती टाकली, पुढे सुतळी आणि मी बसलो, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत खड्ड्यांतून चाललो. मडगार्डच्या आत चिकटवलेला कागद कोराच राहिला. मग सरळ रस्ता. पन्नास, पंचावन्न, साठ. एका बोटानं स्टिअरिंग धरता येत होतं. सुतळी म्हणाला, "आता जाऊन सांग." मी म्हणालो, उद्या सांगतो.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी डबी मावशीच्या दारात उभी केली. ताई आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, ठकीला, घेऊन बाहेर आली. मावशी मागून आली आणि चाकांकडे पाहत राहिली.

"ती छान चाकं कुठे गेली? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"आधी एक चक्कर मार माझ्याबरोबर," मी म्हणालो. "मग काय ते बोल."

"आई, नको," ताई म्हणाली. "आता दोन तासांचा तर प्रश्न आहे."

पण मावशी एव्हाना स्टिअरिंगवर बसली होती, मी शेजारी बसलो. फाटकातून बाहेर काढताना तिनं नेहमीसारखा खांदा पुढे घालून जोर लावला, आणि गाडी हवी त्याच्या दुप्पट वळली. ती चमकली. मग आम्ही गोदामांमागच्या सरळ रस्त्याला लागलो.

पन्नास. मी रस्त्याकडे बघत नव्हतो, तिच्या हातांकडे बघत होतो. तीही तिथेच बघत होती, जे बरं नव्हतं. पंचावन्न. साठ. पासष्टपर्यंत नेऊन तिनं वेग कमी केला आणि पुन्हा पन्नासपासून सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा. एका मोजणीवर तिचा कधीच विश्वास नसतो. तिसऱ्यानंतर तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कशामुळे होत होतं?"

मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, मधलं भोक, बैठक, जॅक. फार भराभर सांगितलं.

"म्हणजे तुझी चाकं."

"हो."

"तुला कळलं कधी?"

"बुधवारी."

"आज रविवार आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"तीन वर्षं मी उगीच म्हातारी होते," ती म्हणाली.

"चुकलो मावशी. प्रेमानं दिली होती गं."

"ते ठाऊक आहे मला. म्हणून तर चाकांवर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला." तिनं इंजिन सुरू केलं. "उतर."

"इथे?"

"इथे."

मी उतरलो. तिनं गाडी एका झटक्यात वळवली, मागेपुढे न करता, आणि निघून गेली. ती तशी वळताना पाहून मला आनंदच झाला, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. मग मी चालायला लागलो.

पोचायला तासावर वेळ लागला. अंगणात डबी उभी होती. ताई पायरीवर बसली होती. "गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून सांगितलं तिनं," ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "तुला एक सांगू? ठकी झाल्यापासून आईनं तिला एकदाही उभ्यानं घेतलं नाही. मांडीवर ठेवा, म्हणायची. उचल म्हटलं की हिला काहीतरी काम आठवायचं. मला वाटायचं, हिला नातीची ओढच नाही. मी तिच्याशी त्यावरून भांडलेसुद्धा आहे. आत्ता आल्या आल्या म्हणाली, हातातून पडली असती तर?"

मावशी गाडीच्या पलीकडे होती. तिनं वाकून ठकीच्या काखांत हात घातले आणि तिला सरळ उचलून डोक्याच्या वर नेलं, नंतर छातीशी घेतलं. ठकी आता पळणारी पोर, तिला कशाला कुणाच्या कडेवर राहायला आवडेल? ती पाय झाडायला लागली. "खाली, खाली," म्हणत तिनं मावशीच्या खांद्याला रेटा दिला. मावशीनं तिला जपून खाली ठेवलं. ठकी निळ्या चाकाकडे धावली.

"जन्मली तेव्हा किती होती गं?" मावशीनं ताईला विचारलं.

"पावणेतीन किलो."

"आणि वर्षाची झाली तेव्हा?"

"साडेआठ."

"हुकली ती वजनं माझ्या हातून," मावशी म्हणाली. तिचे हात ठकीला ठेवताना पुढे झाले होते तसेच राहिले होते आणि ते जराही हलत नव्हते. मला रडू आलं. तिनं ते पाहिलं, पण रडू नकोस, असं काही ती म्हणाली नाही.